सोफावाल्यांची सैल मान

आरशासमोर उभं राहून सोफावाल्यांनी हनुवटीखालची कातडी दोन्ही हातांनी मागे कानापर्यंत ओढली. ओढली तेव्हा ते पस्तिशीचे दिसले. सोडली तेव्हा पुन्हा त्रेपन्न वर्षांचे झाले, वर थोडे जास्तच.

"ताई, जरा इकडे ये गं. खरं सांग, काही दिसतंय का?"

थोरल्या बहिणीने चष्मा लावला आणि भावाच्या मानेला प्रदक्षिणा घातली.

"इथे हनुवटीखाली दुसरी हनुवटी होती ना? ती गेली."

"गेली ना? मग!"

"गेली, पण जाताना पिशवी इथेच टाकून गेली."

सोफावाले मटकन स्टुलावर बसले. बहिणीखेरीज कुणालाही न सांगता त्यांनी गळ्याखालची चरबी नळीने ओढून काढून घेतली होती. सूज उतरली की मान तलवारीसारखी दिसेल, या आशेवर दीड महिना काढला. सूज उतरली आणि खाली राहिली ती उशी काढून घेतलेल्या अभ्र्यासारखी कातडी. गंमत म्हणजे जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं भरण, नवं कापड बसवण्यात या माणसाची हयात गेली होती. "भरण कमी केलंत तर कापड झोळणार, मग माझ्या नावानं ओरडू नका," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. फक्त स्वतः गिऱ्हाईक झाले तेव्हा सांगायचं राहून गेलं.

हा सगळा खटाटोप दुकानाच्या वर राहणाऱ्या गाणाऱ्या बाईंसाठी होता. बाई एकट्या होत्या, मुलांना गाणं शिकवायच्या, आणि त्यांच्या क्लासातल्या खुर्च्या सोफावाल्यांकडे दुरुस्तीला येत होत्या. खुर्च्या आठ. मनात आणलं असतं तर सोफावाल्यांनी त्या एका दमात केल्या असत्या. पण "एकेकच आणा, काम नाजूक आहे," असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणजे बाईंना खाली आठ वेळा यावं लागेल. आता शेवटची खुर्ची उरली होती. ती झाली की बाईंना दुकानात यायचं कारण संपलं. तेव्हा लग्नाचं विचारायचं ते याच खुर्चीच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरचं दार गाठलं.

"कातडी सैल पडेल हे तुम्ही मला सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "पन्नाशीपुढे कातडी पूर्वीसारखी आवळून येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. तुम्ही तेव्हा माझ्या खुर्चीच्या स्प्रिंगवर बोलत होता."

सोफावाल्यांना ते आठवलं. स्प्रिंग खरंच वाईट होती. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने फक्त मान हलवायची, असा गल्लीतला रिवाजच पडला होता.

"मग आता काय करायचं?"

"पहिला उपाय म्हणजे थांबणं. पट्टा बांधा, मालिश करा. पुढच्या काही महिन्यांत कातडी आणखी थोडी आवळेल. दुसरा म्हणजे मशिन. आतून गरम करून कातडी घट्ट करायची, चार-पाच वेळा यावं लागेल, फरक बेताचा. तिसरा म्हणजे ऑपरेशन. कानामागे छेद घ्यायचा, कातडी मागे ओढायची, जास्तीची कापायची आणि टाके घालायचे."

"म्हणजे आमच्यासारखंच! मग पिना मारा की, टाके कशाला? आम्ही मागच्या बाजूने ताण देऊन दोन-दोन बोटांवर—"

"हे पाहा, आत्ता घाई नको," डॉक्टर उठून उभे राहिले. "आधी तीन महिने जाऊ द्या."

तीन महिने! खुर्ची तर शुक्रवारी व्हायची होती. सोफावाल्यांनी घरी येऊन ट्रंकेतला लोकरीचा मफलर काढला, गळ्याला तीन वेढे दिले आणि भर उन्हाळ्यात दुकान उघडलं. बाई खुर्ची घेऊन खाली आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई! घसा बसला की काय?"

सोफावाल्यांनी थाप मारायला तोंड उघडलं.

"बोलू नका!" बाईंनी हात वर केला. आवाज हा त्यांचा प्रांत होता आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. "एक अक्षर नाही. कुजबुजणं तर त्याहून वाईट. घशाला आराम म्हणजे आराम. माझ्या मुलांना मी हेच करायला लावते. आठवडाभर तोंड बंद, कळलं?"

मफलरचं कारण आयतंच मिळालं, सोफावाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान डोलावली. तोंड बंद ठेवून लग्नाचं कसं विचारायचं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बाई जिना चढून गेल्या होत्या.

तासाभरात बातमी गल्लीभर झाली. समोरचा चहावाला न विचारता गरम पाणी आणून ठेवू लागला. शेजारचा किल्ल्या बनवणारा दुकानापाशी येऊन म्हणाला, "काळजी घ्या हं. सावकाश बरे व्हा. अगदी सावकाश." ताईला खरं काय ते ठाऊक होतं, पण तिनेही घरात नियम सोडला नाही.

"इथे तरी बोलू दे ना मला!"

"नको रे बाबा. सवय मोडली की उद्या दुकानात पटकन बोलून बसशील," ती म्हणाली आणि शांतपणे जेवली. इतकं शांत जेवण तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

घोळ व्हायचा तो झालाच. वकीलसाहेबांच्या ऑफिसातला सोफा दुकानात आला होता. त्यांनी पसंत केलेलं करडं कापड आत होतं आणि टेबलावर पडलं होतं लहान मुलांच्या दवाखान्याचं, सशांचं कापड. कारागिराने ते उचलून विचारलं, "हेच लावायचं ना?" सोफावाल्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. मालक 'वेळ घालवू नकोस' म्हणताहेत असं समजून कारागीर कामाला लागला. सोफावाले समोर आलेल्या गिऱ्हाइकाला सोडून आत जाईपर्यंत पाठीवर सशांची पहिली रांग ठोकून झाली होती. सोफावाल्यांनी कपाळावर हात मारला, तर 'मालकांचं डोकं दुखतंय' म्हणून कारागिराने हातोडी हळू मारली, पण मारली. वकीलसाहेब आले, सोफा पाहिला, आणि इतकं बोलले की सोफावाल्यांनाही जमलं नसतं. बोलून झाल्यावर उत्तरासाठी थांबले. समोर मफलरमधला माणूस हात जोडून उभा. आजारी माणसाशी किती भांडणार? ससे घेऊन गेले बिचारे.

हा प्रकार कळल्यावर बाईंनी ठरवलं, की संध्याकाळी क्लास सुटला की तासभर दुकानात येऊन बसायचं, म्हणजे या माणसाला कुणी बोलायला लावणार नाही. त्या आपल्याच अर्ध्या झालेल्या खुर्चीवर बसत. पहिल्या दिवशी त्या दहा मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "या दुकानात इतकी शांतता पहिल्यांदाच ऐकतेय." आणि त्या बोलू लागल्या.

लहानपणी त्यांना गाण्याचं नाही, पोहण्याचं वेड होतं. नवरा गेला त्या वर्षी त्यांचा आवाजच लागेना, तेव्हा त्या नुसत्या मुलांच्या चुका सुधारत बसायच्या. एका मुलीने मुद्दाम चुकीचं गाऊन दाखवलं, ते सुधारता सुधारता त्यांच्या तोंडून पुन्हा सूर निघाला. सोफावाले ऐकत होते. दोन वर्षं ही बाई वरच्या मजल्यावर राहत होती आणि आपल्याला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. माहीत कसं असणार? तिला वाक्य पुरं करू दिलं असेल तर ना! ते खिळे ठोकायचे थांबले आणि मान डोलावत राहिले. मफलरमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, पण ती वेळ संपू नये असं त्यांना वाटत होतं.

शुक्रवारी खुर्ची पुरी झाली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता मला खाली यायला निमित्त नाही उरलं."

सोफावाले पक्कड शोधू लागले, निदान एखादा खिळा पुन्हा उचकटावा म्हणून.

"म्हणून मीच विचारते," बाई खुर्चीकडेच बघत म्हणाल्या. "तुमच्यासारखं माझं कुणी ऐकून घेतलेलं नाही. आपण लग्न करू या का? बोलू नका. नुसती मान हलवा."

"हो!" सोफावाले ओरडले.

तो 'हो' इतका खणखणीत होता की समोरच्या चहावाल्याने वळून पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला.

"घसा तर ठणठणीत आहे तुमचा."

"नाही... म्हणजे आत्ताच—"

"मला शिकवू नका. बसलेल्या घशातून असा 'हो' निघत नाही. सोडा तो मफलर."

सोफावाल्यांनी एकेक वेढा काढला. शेवटचा काढताना डोळे मिटून घेतले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं: नळी, चरबी, पिशवी, खुर्च्या एकेक का मागवल्या ते. सांगताना स्प्रिंगचाही विषय निघाला. बाईंनी तो थांबवला.

"माझ्यासाठी केलंत हे?"

"तुम्हाला आवडावं म्हणून."

"अहो, मानेकडे बघतं कोण? मला तुमचं ऐकून घेणं आवडलं होतं. आणि ते खोटं निघालं."

"ऐकलं ते खरं होतं," सोफावाले म्हणाले. त्यांचा आवाज खरंच बसल्यासारखा झाला होता. "तुमचं पोहणं, ती चुकीचं गाणारी मुलगी, सगळं ऐकलं मी. गप्प बसायचं नाटक होतं. ऐकण्याचं नव्हतं."

 बाई खुर्ची उचलून जिन्याकडे वळल्या.

"विचारलेलं मी अजून मागे घेतलेलं नाही. पण घेऊ शकते. उद्या डॉक्टरकडे मीही येते."

डॉक्टरांनी बाईंना बसायला सांगितलं. "आपण यांच्या कोण?"

"उपाय ऐकते, मग ठरवते."

डॉक्टरांनी पुन्हा थांबणं, मशिन आणि ऑपरेशन समजावून सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "यातल्या कुठल्या उपायात बोलायला बंदी असते?"

डॉक्टरांनी सोफावाल्यांकडे पाहिलं. इतक्या भेटींत पहिल्यांदाच डॉक्टरांचा चेहरा खुलला. "थांबण्यात नाही. मशिननंतर लगेच बोलता येतं. ऑपरेशननंतर मात्र दहा-बारा दिवस जबड्याला आराम. पट्टा घट्ट बांधलेला असतो."

"मग ऑपरेशन करा."

"बाई!" सोफावाले ताडकन उठले. "तुम्हीच म्हणालात ना, मानेकडे बघतं कोण? आणि एका मानेसाठी मला कापून घ्यायला लावता?"

"मानेसाठी कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "तीन महिन्यांनंतरची तारीख धरा. लग्न त्या दहा दिवसांतच उरकून घेऊ. तेवढ्यात माझं पुष्कळ सांगून होईल."

लग्न! सोफावाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. स्वतःहून मिटलं. आणि अगदी मनापासून मान डोलावली. मान थांबली तरी तिची कातडी जराशी डोलतच राहिली.