सुपातला कंप्युटर

पंचाहत्तर साली आमच्या परभणीच्या कॉलेजात कंप्युटरच्या वर्गाला मुलगी एकच, आणि ती मी! वर्गात कंप्युटर तेवढा नव्हता. तो हैदराबादला! आम्ही जाड कार्डांना भोकं पाडून यंत्राला हुकूम द्यायचो. रंगनाथ सर ते गठ्ठे रेल्वेनं घेऊन जायचे आणि उत्तराचे कागद आणायचे.

आबांनी बजावलं होतं, "कुसुम, उत्तर आलं तर शीक पुढं. न्हाई आलं तर सोनपेठचं स्थळ पक्कं!"

"येणारच!" मी ऐटीत म्हटलं, गठ्ठा ओसरीवर ठेवला आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर काय! आबांची बहीण, चांगुणा आत्या, सूप घेऊन बसलेली आणि सुपात माझी कार्डं!

"आत्या! काय करायलीस?"

"निवडायले. कीड लागली की गं समद्यांला! जरा बरी हायेत ती हिकडं ठिवली."

"आणि बाकीची?"

आत्यानं हनुवटीनं अंगण दाखवलं. तिथं आमची शेळी माझा अभ्यास चघळत होती!

मी धावले! शेळीच्या तोंडातून ओढता आली तेवढी कार्डं ओढली. तोच दारात सर हजर! "आटप, गाडी चुकेल!" गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची तिरपी रेघ मारलेली होती, ती जुळवली म्हणून क्रम तरी लागला. ओली कार्डं पदराला पुसून दिली. शेळीच्या पोटात गेलं ते कोणतं, हे बघायलाही सवड नव्हती.

सर परतले ते टांग्यातून. मागं कागदांचा हा भारा! उतरवायला टांगेवाल्यालाही हात लावावा लागला.

"कुसुम!" सर ओरडले. "यंत्राला 'आता पुरे' सांगणारं कार्ड कुठंय? एकच ओळ छापत सुटलं ते! थांबेचना! तिथल्या साहेबांनी मला हाकलून दिलं!"

 संपलं! आता सोनपेठ!

आबांनी भाऱ्याभोवती एक फेरी मारली. "सर, बाकीच्या पोरांला किती कागद आले?"

"एकेक!"

आबांची मान ताठ झाली. "ऐकलं का, चांगुणा? सोनपेठवाल्यांला नकार कळवा. पोरगी शिकणार!"

सर मटकन ओसरीवर बसले.

"म्या निवडून दिलं म्हणून," आत्या म्हणाली, "न्हाईतर समदं किडकंच गेलं असतं!"

मी उठून शेळीला हिरव्या चाऱ्याची पेंढी टाकली.