डोंगराचं नाव काढायचं नाही

माताइओला एका गोष्टीचा भारी अभिमान होता आणि ती म्हणजे त्याची डोंगराची गोष्ट. एकवीस वर्षं तो आयतुटाकी बेटावर पाहुण्यांना ट्रकमधून आणि होडीतून फिरवत होता. ही गोष्ट ऐकून पोट धरून हसल्याशिवाय विमानात चढलेला माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा. चर्चच्या पाळकांनाही त्याने हे दोनदा सांगितलं होतं.

गोष्ट तशी बेटावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आयतुटाकी पूर्वी तव्यासारखं सपाट होतं. आपल्यालाही एखादा डोंगर असावा असं इथल्या लोकांना वाटलं. मग इथले वीर होड्या वल्हवत दूरच्या रारोटोंगा बेटावर गेले, तिथल्या राएमारू डोंगराचा शेंडा पहाटेच्या वेळी कापला आणि खांद्यावर टाकून घरी आणला. तोच हा आपला माउंगापू. राएमारूचा माथा आजही बोडका आहे. पण हे झालं नुसतं सांगणं. माताइओची स्वतःची भर होती घोरण्याची. शेंडा कापला जात असताना रारोटोंगाची माणसं कशी घोरत होती, ते तो साग्रसंगीत करून दाखवायचा. सरदाराचं घोरणं वेगळं, त्याच्या बायकोचं वेगळं, पहारेकऱ्याचं तर बसल्या बसल्या. एकूण पाच प्रकार होते आणि पाचव्याला हमखास टाळ्या पडायच्या.

अशा माणसाच्या मुलीने, तेरेआपीने, लग्नासाठी रारोटोंगाचा मुलगा निवडावा, आणि तोही नेमका राएमारूच्या पायथ्याच्या गावचा! दोघं तिथल्या इस्पितळात नोकरीला होती. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्याची आजी पोआरू आणि वडील तुतेरू असे दोघंच मुलीचं घर बघायला शनिवारी सकाळच्या विमानाने येणार होते. घरात शब्द चालायचा तो आजीचा. ती हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर तुतेरूने काय म्हणायचं ते म्हणावं.

माताइओच्या बायकोने, अकाइतीने, शनिवारी पहाटे डुक्कर जमिनीतल्या भट्टीत पुरायच्या आधी नवऱ्याला समोर उभं केलं.

"आज डोंगराचं नाव काढायचं नाही."

"अगं, एवढा मोठा डोंगर मी लपवू कुठे?"

"डोंगर राहू दे. तोंड लपव."

 तेरेआपीने फक्त बापाकडे असं पाहिलं, की त्याने ताबडतोब पाळकांच्या नावाने शपथ घेतली. जेवण दोन वाजता होतं. तोवर पाहुण्यांना फिरवायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम. यात अवघड ते काय, असं तो विमानतळापर्यंत स्वतःला बजावत राहिला.

पोआरूआजी उतरली ती पांढऱ्या टोपीत, हातात ताडाच्या पानाचा पंखा घेऊन. गळ्यात हार पडायच्या आतच तिने पंखा उचलून दाखवला आणि विचारलं, "तो डोंगर कुठला?"

"कुठला? तो होय? तो असाच आहे," माताइओ म्हणाला आणि आजीला ट्रकमध्ये बसवून निघाला.

बेट केवढं, तर हातरुमालाएवढं. डावीकडे वळलं की माउंगापू समोर, उजवीकडे वळलं की माउंगापू आरशात. माताइओने केळीच्या बागांमधले असले रस्ते काढले, की जिथे त्याने स्वतः कधी ट्रक घातला नव्हता. तरी प्रत्येक वळणावर डोंगर मान वर करून हजर. आजी विचारत होती आणि माताइओची जीभ आतल्या आत उड्या मारत होती. त्याने हवेचं सांगितलं, माशांचं सांगितलं, चर्चच्या नव्या छपराचं तर दोनदा सांगितलं.  सिगारेट सोडली त्या आठवड्यातही त्याची एवढी तगमग झाली नव्हती.

अकराला त्याने ठरवलं की जमिनीवर निभाव लागत नाही, आता पाण्यात जायचं. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात, होडी नेली, पण वळून पाहिलं तर पाण्यावरून डोंगर आणखीच ठसठशीत दिसत होता. मग त्याने शक्कल लढवली. पाहुण्यांची पाठ डोंगराकडे राहील अशा बेताने होडी चालवायची. तो सारखा मागे वळून डोंगर बघायचा आणि सुकाणू फिरवायचा. बघायचा आणि फिरवायचा. अशाने पुढे बघायचं राहून गेलं, आणि ज्या उथळ वाळूबद्दल तो एकवीस वर्षं इतर नावाड्यांना सावध करत आला होता, तिच्यावर त्याची होडी खर्रकन चढली. भरतीचं पाणी आधीच उतरू लागलं होतं. होडी अर्धी गिरकी घेऊन तिथे जी बसली ती बसलीच. नाक सरळ माउंगापूकडे.

माताइओ गुडघाभर पाण्यात उतरला, ढकललं, खांदा लावला, इंजिनाला नको नको ते बोलला. होडी हलली नाही. पाणी चढायला दुपारचे तीन तरी वाजणार होते. तेवढ्यात अकाइतीचा फोन आला. पाहुण्यांना पाणी इतकं आवडलंय की निघायलाच तयार नाहीत, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या फोनला त्यांना आणखी आवडलं होतं. तिसरा त्याने उचलला नाही.

तुतेरू होडीच्या छताखाली आडवा झाला. विमानासाठी तो पहाटे उठला होता. आजी मात्र ताठ बसून डोंगराकडे बघत पंखा हलवत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सकाळपासून लपवतोस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? आमचाच शेंडा तो. मी बघायला आले ती मुलगी कमी आणि हा जास्त."

माताइओचा जीव भांड्यात पडला. पण आजीचं संपलं नव्हतं. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं, की त्या शेंड्यामुळे गावात ऊन उशिरा यायचं आणि अळूची पानं पिवळी पडायची. आयतुटाकीची माणसं आली तेव्हा गाव टक्क जागं होतं. सगळे चटईवर पडून तोंड दाबून हसत होते.

"म्हटलं, नेताहेत तर नेऊ द्या. ब्याद गेली," आजी म्हणाली. "एक धोंडा राहिला होता, तोसुद्धा आमच्या माणसांनी मागून ढकलून दिला."

माताइओ ताडकन उठला. एवढे वीर, एवढा समुद्र, आणि शेवटी काय, तर दुसऱ्याची अडगळ उचलून आणली? बायको, मुलगी, पाळकांच्या नावाची शपथ, सगळं त्या उथळ पाण्यात विरघळलं. तो बाकावर उभा राहिला आणि त्याने गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सरदार घोरला, सरदाराची बायको घोरली, पहारेकरी बसल्या जागी घोरला. असं घोरणं त्याला एकवीस वर्षांत साधलं नव्हतं. पाचवं संपवून तो दम खायला थांबला.

आणि त्या शांततेत सहावं ऐकू आलं.

छताखालून. संथ, भरदार, शेवटी शीळ असलेलं. तुतेरू उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवरची टोपी प्रत्येक श्वासाला वर-खाली होत होती.

माताइओने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आजीने मुलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग पंखा उचलला आणि त्याच्या पोटावर हाणला.

"पोहोचलो?" तुतेरूने विचारलं.

तीन वाजून गेल्यावर पाणी चढलं आणि होडी सुटली. लग्न आपण बुडवलं, याबद्दल माताइओच्या मनात शंका उरली नव्हती. तेरेआपी साडेतीनपासून धक्क्यावर उभी होती. बापाचा चेहरा बघून ती काही न विचारता माघारी वळली, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

घरी डुक्कर गार झालं होतं. आजी जेवली. नारळाच्या दुधातली कच्ची मासळी तिने दोनदा मागून घेतली. मग हात पुसून तिने मुलीला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, की मुलगी पसंत आहे. अट एकच. लग्न रारोटोंगाला, आणि जेवणानंतर मुलीच्या बापाने उभं राहून डोंगराची गोष्ट सांगायची. घोरण्यासकट.

"दोनशे माणसं असतील," आजी म्हणाली. "सगळी जागी."

लग्नाला आता दोन महिने आहेत. माताइओने लगेच तयारीला सुरुवात केली. ट्रकमधल्या पाहुण्यांवर तो रोज गोष्ट थोडी थोडी घासूनपुसून बघतो. पहिल्या आठवड्यात 'चोरला'च्या जागी 'उसना आणला' आलं. मग घोरणं गेलं. मग वीरांनी आधी परवानगी मागितली. परवाच्या गोष्टीत रारोटोंगाच्या लोकांनी त्यांना नाश्ता करून घातला आणि शेंडा होडीत चढवायला हातही लावला.

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी तेव्हा हात वर केला. "ते सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण यात गोष्ट कुठे आहे?"

माताइओने थोडा विचार केला, आणि ट्रक सुरू केला.