वत्सलाबाईंचा रहाट

वत्सलाबाईंबद्दल लिहा, असं कॉलनीतले लोक मला बरीच वर्षं सांगत आले. मी दर वेळी मोतीबिंदूचं कारण पुढे केलं. आता ऑपरेशन होऊनही खूप दिवस झाले. कारण संपलं.

बाईंकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांना वाण मिळण्याआधी विहिरीतून एक बादली पाणी शेंदावं लागे. पैठणी नेसलेली असो की नवी नवरी, सूट नाही. "पदर खोचा आणि ओढा. वापरात नसली की रुसते ती," बाई म्हणायच्या. शेंदलेलं सगळं पाणी जास्वंदीला जाई. संक्रांतीनंतर ती बिचारी आठवडाभर चिखलात उभी असे.

बाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. गंगापूर रोडवरची आमची कॉलनी ज्या मळ्यावर उभी राहिली, त्या मळ्याची ही विहीर. घरोघर नळ आल्यावर ती बाईंखेरीज कुणालाच नको होती. "नळ काय, पाहुणा आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आणि पावसाचं हल्ली काही खरं नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही, मग एका दिवसात सगळा येऊन पडतो. साठवणार कुठे?"

म्हणून त्यांनी आपल्या गच्चीचं पाणी पाइपानं विहिरीत सोडलं होतं. पाइपाच्या तोंडाला गाळणी म्हणून परकराच्या कापडाची, नाडीसकट पिशवी शिवली होती. ती वाऱ्यानं फुगली की अंबडला कारखान्यात जाणारे जाधव स्कूटर थांबवून म्हणत, "बाई, विहीर लय नटली आज."

"नटणारच. घरंदाज आहे ती."

मी कॉलनीचा सेक्रेटरी होतो. मी नवी मारुती घेतली होती आणि कॉलनीतली एकमेव दाट सावली विहिरीवरच्या कडुलिंबाची होती. विहीर बुजवायचा विषय मी सभेत आणला की बाई तो हाणून पाडत.

रोज सकाळी त्या शिलाई मशीनचं तेल रहाटाला घालायच्या. एका दुपारी तेलाचा डबा कठड्यावर राहिला होता, उघडाच. आसपास कुणी नव्हतं. मी तो एका बोटानं आत ढकलला.

पाण्यावर तवंग पसरला. मी तातडीची सभा बोलावली. बाई भांडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डबा मीच विसरले. चूक माझी आहे. सगळ्यांची माफी मागते. मला फक्त थोडे दिवस द्या." मी पंख्याकडे बघत राहिलो.

बाईंनी घरातल्या जुन्या गोधड्या दोराला बांधून पाण्यावर सोडल्या, तवंग टिपला, पिळल्या, पुन्हा सोडल्या. हळूहळू हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका पदर खोचून आल्या. जाधवांनी पंप आणून विहीर उपसून दिली. नवं पाणी नितळ आलं. माझी मारुती उन्हातच राहिली.

पण त्या दिवसापासून बाईंनी रहाटाला तेलाचा थेंब लावला नाही. तो रेडकासारखा हंबरायला लागला. कुत्री उत्तर द्यायची. लोक माझ्याकडे तक्रारी आणायचे. मी, एरवी सायकलच्या घंटीवर नोटीस काढणारा माणूस, गप्प बसायचो.

मग तो पूर आला. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पुराची गावाची खूण, बुडाल्याचं ऐकलं, आणि आमचे नळ कोरडे पडले. शहरभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. विहीर मात्र उंचावर, भरलेली. सगळी कॉलनी कळश्या घेऊन तिथे. शेजारच्या कॉलन्यांतूनही माणसं आली. बाई चक्क पैठणी नेसून खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तान्ही पोरं असतील ते पुढे. उकळल्याशिवाय प्यायचं नाही. ए, रांगेत." रहाट दिवसभर हंबरत होता आणि कुणालाही तो कर्कश वाटत नव्हता.

"सेक्रेटरी," जाधव माझ्यामागून म्हणाले, "पार्किंग गोड लागतंय का?" रांग हसली. मीही हसलो.

माझी पाळी आली. बाई खुशीत होत्या. हळूच म्हणाल्या, "एक गंमत सांगू? विहिरीला रुसायला काय येतंय? बादली ओढायच्या निमित्तानं बायका थोडा वेळ जास्त थांबायच्या, इतकंच."

मी दोर धरला. रहाट किंचाळला. "बाई, तेल घालू का थोडं?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको हो. एकदा माझ्या हातून तिच्यात घाण झाली. आता भीती वाटते."

"बाई, तो डबा..."

"अहो, बादली भरली, उचला की," मागून कुणीतरी ओरडलं. मी बादली उचलली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळी मी एक बादली शेंदतो आणि जास्वंदीला घालतो. रहाट ओरडतो, ओरडू देतो. बादली भरली होती हे खरं, पण बाई त्यानंतरही कितीतरी वर्षं तिथेच खुर्ची टाकून बसत होत्या.