शौर्यचं कोकरू

"दिशा, तुझ्या शौर्यला मनच नाहीये," पुण्याहून फोनवर वैजयंतीमॅडम म्हणाल्या. "बिबट्या येतो, कोकरू उचलतो, खेळणाऱ्यासमोर दोन बटणं येतात. 'मागे धाव' नाहीतर 'कळपापाशी थांब'. इथवर छान. पण त्या क्षणी त्याच्या आत काय चाललंय? ते कळल्याशिवाय मी कुठलंही बटण का दाबू?"

दिशा लोणीत घरी बसून मॅडमच्या कंपनीसाठी मोबाईलवर खेळायच्या गोष्टी लिहायची. गोष्ट पुढे कुठे जाणार हे खेळणाऱ्याने ठरवायचं, असा तो प्रकार. काम तिच्या आवडीचं होतं, शिवाय त्यापायी गाव सोडावं लागत नव्हतं. पण मॅडमनी फोन ठेवता ठेवता सांगून टाकलं की सोमवारपर्यंत शौर्य जिवंत माणूस वाटला नाही, तर ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडे जाईल. दिशाला रडूच यायचं बाकी राहिलं.

शौर्य मेंढपाळ होता. त्याचं नाव कंपनीने ठेवलं होतं. आता मेंढपाळाचं मन शोधायला दिशाला लांब जायची गरज नव्हती, कारण तिचे आजोबा यमाजी अंगणातच चहा पीत बसले होते. घरातल्या बाकीच्यांनी मेंढरं सोडून शेती धरली होती. यमाजीआबांनी मात्र थोडी मेंढरं हट्टाने ठेवली होती.

"आबा, बिबट्या आला की तुमच्या मनात काय येतं?"

"काय येनार? बिबट्या आला, आसं येतं."

"आणि नंतर?"

"नंतर बिबट्या गेला, आसं येतं."

दिशाने कपाळाला हात लावला. मग तिने मोबाईलवर खेळ सुरू करून त्यांच्या हातात दिला. "हा खेळून बघा. दोनातलं एक बटण दाबायचं. दुसरं काही दाबू नका, नाहीतर खेळ बिघडेल."

आबांनी एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. अंधार पडायची वेळ, वाघरीतून, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीतून, उचललेलं कोकरू, दोन बटणं. बोट पुढे गेलं आणि मागे आलं. "इचार करून सांगतो," ते म्हणाले. दिशा आंघोळीला गेली. परत आली तेव्हा अंगणात रिकामा कप होता. आबा नव्हते आणि मोबाईलही नव्हता.

आबा ओझरच्या वाटेला लागले होते. ओझरला त्यांची थोरली बहीण तुकाबाई दिलेली होती, आणि मेंढरांच्या बाबतीत तुकाबाईला विचारल्याशिवाय त्यांनी जन्मात काही ठरवलं नव्हतं. हा तर बिबट्याचा मामला होता. दिशाच्या वडिलांनी, जालिंदरने, फोनवर फोन लावले. मोबाईल आबांच्या आतल्या खिशात वाजत राहिला. पण दुसरं काही दाबू नका असं नातीने बजावलेलं, त्यामुळे त्यांनी फोन उचलायचं बटणही दाबलं नाही.

एसटीत त्यांच्या शेजारी गावातलेच गेणभाऊ बसले होते. आबांनी त्यांनाही विचारून घेतलं.

"गेणभाऊ, बिबट्यानं कोकरू न्हेलंय. मागं धावावं का मेंढरांपाशी थांबावं?"

"आरं बापरे! कवा न्हेलं?"

"आत्ताच, चहाच्या टायमाला."

"तुमचं?"

"न्हाई, शौर्यचं."

"कोन शौर्य?"

"मला न्हाई ठावं. दिशा वळखती त्याला."

गेणभाऊ मंचरला उतरले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी गावात फोन लावला. पोटात गोष्ट राहणारा माणूस नव्हे तो. दुपारपर्यंत लोणीत दोन बातम्या फिरल्या. एक, बिबट्या भरदिवसा आला. दुसरी, दिशाचा कुणी शौर्य आहे आणि तो मेंढरं राखतो. पहिल्या बातमीने लोकांनी पोरं घरात घेतली. दुसरीने जालिंदर घरात आला.

"दिशा, ह्यो शौर्य कोन हाय? खरं सांग."

"पप्पा, तो खरा नाहीये!"

"मला बी तीच शंका आली. आजकालची पोरं कुठं खरी असत्यात?"

हे निस्तरतंय तोवर बिबट्याची बातमी ऐकून आलेली वनखात्याची गाडी दारात उभी राहिली. मागे टेम्पोत पिंजरा होता. त्या टेम्पोपाठोपाठ एक रिक्षा आली, आणि तिच्यातून आबा उतरले. सोबत तुकाबाईही होत्या. बिबट्याने कोकरू नेलं आणि भाऊ विचारायला आला म्हटल्यावर त्या स्वतः बघायला आल्या होत्या. अंगणात जत्रा भरली.

वनखात्याच्या साहेबांनी आबांना समोर बसवलं. "कोकरू कुठून नेलं?"

"वाघरीतनं. अंधार पडता पडता."

"मग काय केलं?"

"त्येच तर ठरंना, सायेब." आबा खाली बघत बोलत होते. "आन त्या मानसाला तरी काय ठरवता यील? कोकराची आई हाय ना तिथं. ती वरडत न्हाई. नुस्ती हुभी ऱ्हाती आन मालकाकडं बघती. मानूस मागं धावतो ना, त्यो काय कोकरासाठी धावत न्हाई. तिच्या नजरंम्होरनं पळतो."

"आणि थांबला तर?"

"थांबला तर मेंढरं मोजत बसतो. मोजल्याली पुन्यांदा मोजतो. तेवढंच वर बघावं लागत न्हाई."

सकाळपासून दिशा जे शोधत होती ते आबा एका परक्या माणसाला सांगत होते, तेही पंचनाम्यात.

"यमा, हे तू मला कदी बोलला न्हाईस," तुकाबाई म्हणाल्या.

"तू कदी इचारलं न्हाईस, आक्का."

साहेबांनी घसा साफ केला. "बरं. कोकराचं काही शिल्लक आहे का? दाखवा."

आबांनी आतल्या खिशातून मोबाईल काढला. "ह्यात हाय."

साहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. जालिंदरने हात जोडले, दिशाने भराभर सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी मोबाईल हातात घेतला, वाचला, परत वाचला.

"अजून बटण दाबलेलंच नाही?"

"न्हाई."

"मागे धावू नये. अंधारात बिबट्यामागे जाऊ नका, हे आम्ही गावोगाव सांगतो."

पिंजऱ्यापाशी उभा असलेला त्यांचाच माणूस म्हणाला, "पर सायेब, त्या मेंढीच्या म्होरं थांबायचं तरी कसं?"

झालं! निम्मं अंगण थांबण्याच्या बाजूने आणि निम्मं धावण्याच्या. तुकाबाईंनी दोन्हीकडून भांडून घेतलं. चहा झाला, पुन्हा झाला. मोबाईलची बॅटरी संपली तेव्हा कुठे लोक उठले आणि पिंजरा रिकामा परत गेला. एवढ्यात मंचरहून परतलेल्या गेणभाऊंना शौर्य मोबाईलातला आहे हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. त्यांनी दिशाचं लग्न धरूनच ठेवलं होतं.

दिशाने त्याच दिवशी लिहायला घेतलं. आबांचे शब्द जवळजवळ तसेच ठेवले, शौर्यच्या मनात घातले. सोमवारी मॅडमचा फोन आला.

"दिशा, ती मेंढी बघते ना, तिथे मी थांबलेच गं. बटणच दाबवेना. आता माणूस झाला तुझा शौर्य."

गोष्ट दिशाकडेच राहिली. आनंदाने तिला काही सुचेना. सगळ्यात आधी तिने मोबाईल आबांच्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसली. आबांनी शौर्यच्या मनातलं सावकाश वाचलं, मान हलवली, एकदा नाकही ओढलं.

"ओळखीचा वाटतोय का माणूस?" दिशाने विचारलं.

"छ्या! लई हळवा हाय गं ह्यो. आमी बिबट्या आला की काठी उचलायचो, बास. ह्याच्याच्यानं मेंढरं राखून व्हायची न्हाईत. त्याला म्हनावं, मेंढरं इक आन आळेफाट्याला हाटेल टाक."

दिशा पोट धरून धरून हसली. मग तिने लॅपटॉप उघडला आणि शौर्यसाठी तिसरं बटण तयार केलं. वैजयंतीमॅडम सांगतात, पुण्यातली बहुतेक माणसं जराही विचार न करता तेच दाबतात.