उभ्या गाडीची धडक

जेवता जेवता साडूंनी सहज विचारलं, "मग, जमते का आता गाडी?" आणि मी तोंडात घास असताना मान डोलावली. पुढचं सगळं रामायण त्या एका मानेमुळे झालं. तोंडात घास नसता तर मी कदाचित खरं बोललो असतो. (कदाचित. हल्ली मी स्वतःबद्दल खात्री देत नाही.)

गाडी जुनीच, ऑफिसातल्या हेडक्लार्कनं निवृत्त होताना माझ्या गळ्यात मारलेली. मग मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. कोर्स संपला त्या दिवशी शिकवणाऱ्यानं माझा हात हातात घेतला आणि फार आपुलकीनं म्हणाला, "साहेब, तुमचं घर बस स्टॉपजवळच आहे ना?" बायकोनं अट घातली होती, की महिनाअखेरच्या रविवारी मी तिला गाडीत बसवून ताईकडे न्यायचं. नाही जमलं तर गाडी साडूंना द्यायची, ते घ्यायला तयारच होते.

आमचे साडू एका हातानं गाडी चालवतात. दुसरा हात खिडकीबाहेर असतो. रिव्हर्स घेताना ते मागे बसलेल्यांशी गप्पा मारतात, आणि मागे बसलेल्यांत मी असतो. माझं त्यांच्याशी वैर नाही, माणूस चांगला आहे. मला फक्त एकदा, एकदाच, त्यांना मागच्या सीटवर बसलेलं पाहायचं होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं, फक्त गाडी सोडून.

इमारतीत जागा नसल्यामुळे आमची गाडी मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या गोदामाच्या भिंतीला लागून उभी असायची. समोर एका टेलरचं दुकान. रोज सकाळी मी किल्ली बोटात फिरवत प्रॅक्टिसला म्हणून घरातून निघायचो, गाडीत बसायचो, पट्टा बांधायचो, आरसा नीट करायचो आणि पेपर वाचायचो. किल्ली मात्र फिरवायचो नाही. फिरवली आणि गाडी सुरू झाली, तर पुढे काय, हा प्रश्न होता.

पेपर संपला की घरी येऊन घाम पुसत सांगायचो, "आज पुलावरून गेलो. काय ती ट्रॅफिक."

"हो का," बायको भाजी चिरता चिरता म्हणायची. तिनं मान वर केली नाही याचा अर्थ तिचा विश्वास बसला, असं मी धरून चाललो. (नवरे धरून चालतात.) मग दाराआडच्या कापड घातलेल्या ठेंगण्या स्टुलावर पाय ठेवून मी बुटाची नाडी बांधायचो आणि ऑफिसला जायचो. तो स्टूल नवीन दिसत होता, पण घरात नवीन काय आलं हे विचारायची माझी पद्धत नाही.

असं करता करता तो रविवार उजाडला. आम्ही गाडीनं ताईकडे निघतो का, ते बघायला दुपारी साडू येणार होते. मी सकाळपासून गाडीत बसून होतो. पट्टा बांधलेला, हात स्टिअरिंगवर, आणि स्टिअरिंगवर पसरलेलं शब्दकोडं. तेवढ्यात बॉनेटवर धप्पकन आवाज झाला आणि समोरून कोणीतरी किंचाळलं, "आई गं, मेलो."

मी उतरून पाहिलं. गाडीच्या पुढ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघा धरून लोळत होता. गुडघ्याला पट्टी बांधलेली होती. (ती आधीपासूनच बांधलेली होती, हे मला फार उशिरा सुचलं. त्या क्षणी त्याच्या तत्परतेचं कौतुकच वाटलं.)

बघता बघता माणसं जमली. "दिसत नाही का यांना?" एक जण म्हणाला. "कशा गाड्या चालवतात बघा," दुसरा म्हणाला.

आता खरं सांगतो. त्या दुसऱ्याचं वाक्य ऐकून मला बरं वाटलं. मी गाडी चालवतो, असं जन्मात पहिल्यांदा कोणीतरी, तेही चारचौघांत, म्हणालं होतं.

"केवढ्या वेगात आली हो गाडी," लोळणारा कण्हला.

"साधारण किती असेल?" मी विचारलं.

"चाळीस तरी असेल."

"छे, पस्तीस," मी म्हणालो. उगाच बढाई मारायला मला आवडत नाही.

त्यानं कण्हणं थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या धंद्यात इतकं समजूतदार गिऱ्हाईक त्याला बहुधा भेटलं नसावं. एवढ्यात समोरून टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून आले. "अहो, पण ही गाडी तर..." त्यांनी सुरुवात केली.

"मास्तर, तुमची इस्त्री गरम राहिली आहे," मी म्हणालो. मास्तर इस्त्री पाहायला धावले.

लोळणाऱ्यानं मग डॉक्टर, एक्स-रे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशोब कण्हत कण्हत मांडला. आकडा चांगलाच मोठा होता. पण दुसरीकडे, एवढी रक्कम उभ्या गाडीची कोण मागेल? मी पाकिटाला हात घातला, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून बायको आणि तिच्यामागे साडू येताना दिसले. साडू लवकर आले होते.

"काय झालं?" साडूंनी विचारलं.

"या साहेबांनी ह्याला उडवलं," गर्दीनं सांगितलं.

साडू माझ्याकडे बघतच राहिले. "साडूभाऊ, तुम्ही गाडी चालवत होतात?" त्यांच्या आवाजात चक्क आदर होता. त्या आदरासाठी मी आणखी दोघांना उडवलं असतं.

"चालवतो रोजच," मी म्हणालो. "हा अचानक आडवा आला. मी ब्रेक लावला, पण वेग होता ना."

 बायकोनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीवरच्या माणसाकडे. "हॉर्न नाही का हो वाजवला यांनी?" तिनं त्याला विचारलं.

"कुठला हॉर्न, बाई. हॉर्न नाही, काही नाही."

हे मात्र मला लागलं. पस्तीसच्या वेगानं गाडी चालवणारा माणूस हॉर्न दिल्याशिवाय राहील का? "दिला की," मी म्हणालो. "चांगला दोनदा दिला."

लोळणाऱ्यानं माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि गिऱ्हाईकाचं मन राखलं. "हां, दिला होता. देवाशपथ, खोटं कशाला बोलू? दोनदा दिला साहेबांनी. ऐकून मी वळलो, तोवर गाडी अंगावर."

"भाऊजी, जरा बॉनेट उघडता?" बायको साडूंना म्हणाली.

बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. साडूंनी तो ओढला आणि एका हातानं बॉनेट वर उचलून धरलं. मी आत डोकावलो. एका कोपऱ्यात चांगली चौकोनी जागा रिकामी होती आणि दोन वायरी बाजूला लोंबत होत्या.

"बॅटरी कुठे आहे?" साडू म्हणाले.

"घरी," बायको शांतपणे म्हणाली. "गाडी हलत नाही, बॅटरी बसेल, म्हणून मेकॅनिककडून काढून चार्ज करून आणली. पंधरा दिवस झाले. दाराआड ठेवली आहे. हे रोज तिच्यावर पाय ठेवून नाडी बांधतात."

सगळी गर्दी बॉनेटवर वाकली. मी पाकीट खिशात घातलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडला.

"अरे, खरंच की," कोणीतरी माझ्या कानाशी म्हणालं. "बॅटरीच नाही. मग हॉर्न वाजेल कसा?"

मी वळून पाहिलं. तोच तो. दोन्ही पायांवर ताठ उभा राहून, चवडे उंचावून तो बॉनेटमध्ये बघत होता. आपण काय केलं हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तो सावकाश खाली बसला आणि त्यानं गुडघा धरला. घाईत दुसरा धरला.

"हाच तो," गर्दीतून एक रिक्षावाला पुढे आला आणि त्यानं त्याची कॉलर पकडली. "माझ्या रिक्षासमोर असाच पडला होता. दिवसभराची कमाई दिली ह्याला. वर मला रात्रभर झोप नाही, आपल्या हातून एका माणसाचा पाय गेला म्हणून. घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही." बोलताना त्याचा आवाज कापत होता. लोकांनी ठगाला असं घेरलं की त्यानं मुकाट्यानं खिशातून नोटा काढून रिक्षावाल्याच्या हातात ठेवल्या.

मला त्या गरीब माणसाकडे बघवेना. मी ठगाच्या बाजूनं साक्ष देत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तोंड लपवायला मी गाडीच्या कडेवर हात टेकून इंजिन न्याहाळू लागलो. साडूंना वाटलं, पाहून झालं असेल. त्यांनी बॉनेट सोडलं.

ते माझ्या अंगठ्यावर पडलं.

मी अंगठा ओढून घट्ट धरला, तरी आवाज फुटला नाही. मग जो फुटला त्यानं टेलरमास्तर इस्त्री टाकून पुन्हा बाहेर आले.

"आता तुमचं काय?" बायको म्हणाली.

"अंगठा," मी म्हणालो.

"पुरे झालं आता. एका दिवसात किती करायचं माणसानं?"

लोक हसले, साडूही हसले. अंगठ्यातून कळा मस्तकात जात होत्या आणि अख्ख्या गल्लीत एकाचाही माझ्यावर विश्वास नव्हता. तेव्हा कॉलर रिक्षावाल्याच्या हातात तशीच ठेवून तो ठग पुढे सरकला आणि वाकून माझा अंगठा तपासू लागला.

"वहिनी, हे खरं आहे," तो म्हणाला. "खोट्यात माणूस आधी ओरडतो आणि मग धरतो. यांनी आधी धरला, आवाज मागून आला. आणि कपाळावरचा घाम बघा. घाम काही केल्या आणता येत नाही हो, मी खूप खटपट केली."

"अगं बाई, मग आधी डॉक्टरकडे चला," बायको लगबगीनं म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं एकही वाक्य तिला इतक्या पटकन पटलेलं मला आठवत नाही.

साडू आणि रिक्षावाला ठगाला चौकीवर घेऊन निघाले. रिक्षात बसताना तो वळून म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही." मी चांगल्या हातानं गाडीची किल्ली काढून साडूंना दिली. ती घेताना मात्र ते हसले नाहीत. माणूस चांगला आहे, हे मी आधी सांगितलंच आहे.

डॉक्टरकडे आम्ही चालत गेलो. वाटेत बायको म्हणाली, "रोज वाट बघत होते मी. एकदा तरी म्हणाल, गाडी सुरूच होत नाही. लगेच बॅटरी बसवून दिली असती, कोणाला कळलंही नसतं. आणि ताईकडे गाडीनं जायचं मला कुठे अडलं होतं? बस तिच्या दारात थांबते." मला फार वाईट वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. तिनं माझा दुखरा हात अलगद धरला आणि रस्ता ओलांडून नेलं.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि पट्टी बांधायला घेतली. "कशानं झालं हे?"

"गाडीनं," मी म्हणालो.

"कोण चालवत होतं?"

मी बायकोकडे पाहिलं. "हेच चालवत होते," ती म्हणाली.

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे गाडी उभी होती."