उतरंड आणि निळी फाईल

उत्पलाच्या शिक्षणासाठी मी स्वतःच्या डोक्यानं एकच निर्णय घेतला, तो म्हणजे दुकानातून एकसारख्या दोन निळ्या फायली आणल्या. एकीत तिची सर्टिफिकेटं, दुसरीत माझे जुने कागद. (जातीच्या दाखल्याला बापाचे कागद लागतात.) बाकी सगळं मी लोकांनी सांगितलं म्हणून केलं.

मी बिलोलीच्या तहसील कचेरीत कारकून. आमची उत्पला दहावीला तालुक्यात पहिली आली आणि त्या दिवसापासून ती माझी एकट्याची राहिली नाही. विहारात वंदना संपली की कोणीतरी उभं राहून सांगायचं, "आपली उत्पला डॉक्टर होणार." साहेब माझ्या टिपणीवर लाल शेरा मारता मारता विचारायचे, "डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" इतक्या लोकांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मग त्याच लोकांनी सांगितलं, डॉक्टर करायची तर पोरगी बारावीला लातूरला टाका. आम्ही टाकली.

उत्पलाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तेही नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात. लहानपणी तिला तिथलं धरण दाखवायला नेलं होतं. दरवाजे कसे उघडतात हे तिनं तिथल्या माणसाला इतकं विचारलं, की शेवटी तोच आम्हाला चहा पाजून वाटेला लावायला आला. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं.

मला ते पटत नव्हतं. कॉलेज किती मोठं, हे मी एसटीत किती तास बसावं लागतं त्यावरून ठरवायचो. नांदेड दोन तास, म्हणजे बेताचं. औरंगाबादला दिवस जातो, म्हणजे बरं. मुंबईला पोचेपर्यंत कंबर धरते, म्हणजे उत्तम. जिथून पोरगी दर शनिवारी भाकरी खायला घरी येते, त्याला कॉलेज म्हणायचं की मामाचं गाव?

शिवाय माझ्या बोलण्याला वजन होतं. मी पी.यू.सी. सायन्स केलेला माणूस. (पी.यू.सी. म्हणजे आताची बारावी समजा.) "फर्स्ट क्लास होता माझा, पण बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मेडिकल हुकलं," हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं, की तो दुष्काळ खास माझ्यासाठीच पडला असं वाटावं.

उत्पला बारावीत गेली तेव्हा किल्लारीचा भूकंप होऊन नऊ महिने झाले होते. लातुरात वरच्या मजल्यावर राहायला कोणी धजत नव्हतं, म्हणून गफूरभाईंची वरची खोली आम्हाला लगेच मिळाली. खाली गफूरभाई शिवणकाम करायचे आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई रहमतबी दारात बाज टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. समोर पत्र्याच्या हॉलमध्ये बसवंतसरांचा क्लास. माझी बायको महामाया उत्पलाबरोबर वरच्या खोलीत राहायची आणि मी शनिवार-रविवार हजेरी लावायचो.

भूकंपानंतर मला पंधरा दिवस किल्लारीला ड्यूटी होती, ताडपत्र्यांच्या याद्या करायची. तिथं जे पाहिलं ते हसत सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून मला दगडी भिंतीची भीती वाटते, एवढंच सांगतो. तिथल्याच दगडोबा नावाच्या म्हाताऱ्यानं मला उतरंडीची युक्ती दाखवली. भांड्यावर भांडं रचायचं, सगळ्यात वर तांब्या, तांब्यावर पेला. जमीन जरा हलली की पेला आधी बोंबलतो आणि माणसाला पळायला सवड मिळते.

मी लातूरच्या खोलीत घरातलं एकूण एक भांडं रचून अशी उतरंड उभी केली. ती माझ्या छातीला लागायची.

"अहो, च्या कशात करू?" महामायानं विचारलं.

"वरून एकेक काढायचं, काम झालं की पुन्हा रचायचं."

"म्हंजे मी सयपाक करू की हेच करून राहू?"

कचेरीच्या सवयीनं मी एक परिपत्रक काढलं आणि भिंतीला चिकटवलं. कलम एक: भांडी पडताच श्री. आनंदराज (म्हणजे मी) यांनी उत्पलाचा हात धरून तिला तातडीने खाली न्यावे. कलम दोन: सौ. महामाया यांनी स्टोव्ह बंद करावा. कलम तीन: वस्तूंचा मोह धरू नये. खाली माझी लफ्फेदार सही.

पुढच्याच शनिवारी मी पोचलो तर उत्पलानं क्लासचा फॉर्म पुढं ठेवला. मेडिकलची बॅच की इंजिनिअरिंगची, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं होतं, आणि एकदा बॅच ठरली की वर्षभर बदल नाही.

"पप्पा, मला बेडूक कापायचा न्हाई. मला गणित आवडतं."

"गणित मलाही आवडायचं," मी म्हणालो. "पण दुष्काळ पडला."

"आता तर न्हाई ना पडला."

"लोकांना काय सांगू? तालुका वाट बघून राहिला."

"तालुक्याला बसवा मेडिकलला," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसली. मी सही केली नाही. फॉर्म तसाच टेबलावर राहिला.

रविवारी सकाळी साडेसातला मी खिडकीशी आरसा टांगून दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस होता. उत्पला कोपऱ्यात गणितं सोडवत होती, महामाया मागं स्टोव्हपाशी होती. आरशाशेजारच्या खिळ्यांना दोन्ही निळ्या फायली लटकत होत्या. आणि माझ्या पाठीमागं उतरंड कोसळली.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पेला, तांब्या, डबे, पराती, सगळं एकदम. मी ओरडलो, "भूकंप! पळा!" आणि पळालो. जिना मी उतरलो की पडलो ते आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी गल्लीच्या मधोमध उभा होतो.

माझी आरोळी गल्लीभर पोचली होती. घराघरातून माणसं बाहेर पडली. पत्र्याच्या हॉलमधून अकरावीची अख्खी बॅच परीक्षा सोडून बाहेर आली आणि मागून खडू हातात धरून बसवंतसर आले. गफूरभाई आले ते रहमतबीला पाठीवर घेऊन.

"भाऊ, लेकरू कुठाय?" धापा टाकत गफूरभाईंनी मला विचारलं.

मी हातात बघितलं. हातात निळी फाईल होती.

मला जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. किल्लारीला नुसत्या हातांनी दगड उपसणारी माणसं मी या डोळ्यांनी बघितली होती, आणि मी माझी पोर वर सोडून कागद घेऊन पळालो होतो. मी जिन्याकडे वळलो, तेवढ्यात महामाया गॅलरीत आली. तिच्या हातात पातेलं होतं.

"अहो, काय झालं? कोण मेलं?"

"भूकंप!"

"कशाचा भूकंप! दूध उतू जाऊन राहिलं होतं, म्हणून मी उतरंडीतलं खालचं पातेलं वढलं!"

गल्ली जी हसली ती थांबेना. अकरावीची बॅच तर परीक्षा बुडाली म्हणून टाळ्या पिटत होती. उत्पला शांतपणे खाली आली. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात भिंतीवरून काढलेलं परिपत्रक.

"पप्पा, कलम एक काय हाय?"

"अगं, तुझं भविष्य घेऊन आलो की!" मी फाईल उंच धरून म्हणालो.

"अन् मी वर होते."

तिनं माझ्या हातातून फाईल घेऊन उघडली, पहिला कागद वाचला आणि तोच पुन्हा वरून वाचायला लागली. भविष्याची फाईल वर खिळ्यालाच होती. मी माझा भूतकाळ घेऊन पळालो होतो.

बसवंतसरांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मास्तरांना गुणपत्रक दिसलं की मनात वाचता येत नाही.

"पी.यू.सी. सायन्स, एप्रिल एकोणीसशे बहात्तर. गणित सतरा. भौतिक एकवीस. नापास."

"दुष्काळ होता त्या साली," मी म्हणालो.

"दुष्काळ पडला पावसाळ्यात," बसवंतसर म्हणाले. "हा एप्रिल आहे."

"म्हंजे दुष्काळ पडायच्या आधीच हे पडले व्हय?" वरून महामाया म्हणाली.

"कोण नापास झालं रे?" रहमतबीनं गफूरभाईंच्या पाठीवरून विचारलं. गफूरभाई भला माणूस. ते म्हणाले, "कोणी न्हाई अम्मा, जुनी गोष्ट हाय." पण रहमतबीचे कान चांगले होते.

उत्पलानं मला एका शब्दानं दुखावलं नाही, याचंच मला जास्त लागलं. तिनं बसवंतसरांकडून पेन घेतलं, फाईलवर फॉर्म ठेवला आणि माझ्यादेखत इंजिनिअरिंगपुढं खूण केली. मी मान हलवली. खरं सांगतो, खूण बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तालुक्याला काय सांगायचं ते तालुका बघून घेईल.

मग तिचं पेन एका रकान्यापाशी थांबलं.

"पप्पा, 'पालकाचे शिक्षण' इथं काय लिहू?"

अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. माझ्या गालावरचा फेस वाळून खाजत होता.

"लिही बेटी," रहमतबी पाठीवरून म्हणाली, "अजून चालू हाय."

उत्पलानं तसंच लिहिलं. त्याखाली 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं छापलेलं होतं. मी सही केली.