खोबरेल थिजलें त्या हिंवाळ्याची हकीकत

श्री. समुद्राची देवी व डोंगराचा देव, उभयतांस नमन करून, पाहिल्या माणसांनीं सांगितलें तितुकेंच लिहिलें असे. शके सोळाशें एकाहत्तर, पौष मास, ऐसे समयीं एका राज्याची फौज उत्तरेस बर्फाचे मुलुखीं उतरली, आणि नदी गोठोन दगड जाहली, मग गनीम रोज दोन प्रहरीं नदीवरून चालोन येई आणि टेकडीपलीकडील आपल्या ठाण्यावर पडे. ठाण्यांत चाळीस माणूस, त्यांचा नाईक भानजी तोडणकर. त्याचे वडील बंधु रखमाजी टेकडीअलीकडे तळावर तोफांचे दरोगा. नेम ऐसा कीं, सकाळीं पांच तोफा टेकडीवर ओढाव्या, गनीम नदींत उतरतांच गोळे टाकावे, आणि सायंकाळीं तोफा तळावर आणाव्या.

चतुर्थीस चाकें फिरेनात. रखमाजी कोंकणचे, बापजाद्यांपासोन आंसास खोबरेल घालीत, तेंच बुधले भरोन आणिलें होतें, तें थिजोन लाखेसारखें जाहलें. विस्तव धरावा तों पातळ होई, शंभर पावलें जातां पुनः थिजे. आणि तेल तापतां घमघमाट सुटे, मग सारी फौज वास घेत उभी राही. कोणास लेकीची वेणी आठवे, रखमाजींस भानजीचें लहानपणचें टाळकें आठवे, आई तेल चोळी आणि तो पळे. त्या दिवशीं तोफा निम्मे वाटेंत राहिल्या आणि पलीकडे ठाण्यांत नऊ माणूस पडलें.

सरदार बोलिले, “दरोगा, तेल बदला.”

“आमच्या तोफांस खोबरेलच लागतें, सरकार.”

“तोफा तुमच्या. आणि माणसें कोणाचीं?”

 त्या रात्रीं रखमाजींनीं तीन तेलांच्या तीन वाट्या उघड्यावर ठेविल्या आणि उजाडतां पाहिलें, तों खोबरेलांत खिळा शिरेना, तिळेल तुपासारखें, आणि करडईचें मात्र पाण्यासारखें वाहिलें. करडई मुदपाकखान्यांतच होती. आचारी दामूभट बुधल्यांपुढें आडवे उभे राहिले.

“अरे दर्यातल्या माकडा, हें फोडणीचें तेल! तोफ जेवणार, आणि आम्हीं?”

“कोरडें खावें, भटजीबाबा. चूक माझी. शिव्या मागाहून द्या, बुधले आधीं द्या.”

दामूभटांनीं दोन्ही एकदमच दिलीं. मग आंस खरवडिले, करडई घातली, आणि तोफा वेळेआधीं टेकडीवर गेल्या. गनीम ऐन पात्रांत आला तों गोळ्यांनीं बर्फ फुटला, आणि तो मागें फिरला. त्या दिवशीं ठाण्यांतील एकही पडला नाहीं.

सायंकाळीं भानजी तळावर आला, भावापाशीं पंगतीस बसला आणि पुसों लागला, “दादा, काल तोफा कां वाजल्या नाहींत?”

“माझा हट्ट.”

 मग भानजी पडल्या नवांचीं नांवें एक एक करोन सांगूं लागला, आणि रखमाजी प्रत्येक नांवास मान लववीत गेले. सारें सांगोन जाहल्यावर भानजीनें आपली भाकर मोडली आणि अर्धी त्यांच्या पानांत ठेविली.

थंडी सरेतों फौजेनें बिनफोडणीचें खाल्लें, ठाणें आपले हातीं राहिलें. त्यांतील म्हातारे अद्याप म्हणतात, तैसें बेचव अन्न आणि तैसी पंगत पुनः मिळाली नाहीं. इतकें जाहलें, इतकें लिहिलें.